विहिरीजवळचा आंबा

॥ श्री ॥
धुळे, ता. २८ जानेवारी १९२९

ती. स्व. भाऊस भिकूचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून हसू नकोस, यांच्याकडून शिकून मीच लिहिते आहे. थंडीने बोटे वळत नाहीत. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून पितांबर गाडीवाल्याबरोबर पाठवली आहे. ती आबांनीच पांघरायची, वहिनीने पाहुण्यांसाठी ठेवायची नाही.

गेल्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, रस खाऊन मी विहिरीजवळ कोय पुरली होती, तो आंबा कसा आहे? आबांना सांग, माझा आंबा थंडीने जळाला तर यंदा आखाजीला मी माहेरी येत नाही. वहिनीस नमस्कार. माया आहे ती अशीच राहू द्यावी.

तुझी भिकू

॥ श्री ॥
एरंडोल, ता. ४ फेब्रुवारी १९२९

चि. सौ. भिकूस अ. उ. आ.

गोधडी पोचली. तुझे पत्र आबांना वाचून दाखवले आणि पंचाईत झाली. असा गारठा पडला की हरभरा काळा पडला. आबांनी गोधडी तुझ्या रोपावर घातली आणि स्वतः रात्रभर शेजारी शेकोटी करून बसले. मी रागावलो, तुझी वहिनी रडली, पण म्हातारा ऐकतो कुठे? आंबा तेवढा हिरवा आहे. आबांना खोकला आणि ताप आहे. काढा चालू आहे, काळजी करू नकोस. जावईबापूंस नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेवत जा.

तुझा भाऊ अभिमन

॥ श्री ॥
धुळे, ता. २० एप्रिल १९२९

ती. स्व. भाऊस शि. सा. न. वि. वि.

ती चेष्टा होती, आबांना सांग, असे मी तुला लगेच लिहिले होते. पत्र टपालात टाकून परतले तर दारात तुझा माणूस निरोप घेऊन उभा. दहाव्याला आले तेव्हाही विहिरीकडे गेले नाही. हे सांगतात, कचेरीतल्या जुन्या कागदांत इतक्या थंडीची नोंद नाही. माझ्या चेष्टेची नोंद कुठे असणार? मला ते झाड पाहवणार नाही. आखाजीला येत नाही, रागावू नकोस. माया तुटू देऊ नये.

तुझी भिकू

॥ श्री ॥
एरंडोल, ता. २५ एप्रिल १९२९

चि. सौ. भिकूस अ. उ. आ.

तुला एक सांगायचे राहिले. त्या रात्री मी आबांना म्हणालो होतो की भिकू चेष्टा करते, घरात चला. ते म्हणाले, "मशकरी शे, माले समजस. पन खरं व्हयनं ते?" खरे झाले तर, या त्यांच्या धास्तीला मी हसलो आणि घरात येऊन झोपलो. तुझ्यासारखे मलाही ते झाड पाहवत नाही, तरी रोज पाणी घालतो.

आखाजीला यंदा आबांच्या नावाची घागर भरायची आहे. तू आली नाहीस तर ते ज्याला भ्याले तेच खरे होईल. सकाळच्या गाडीने ये. मी घागर रिकामी ठेवून थांबतो.

तुझा भाऊ अभिमन