टेबलाचा चौथा पाय

१८ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, कारण तुझ्या वाचकांना ते तुझ्याकडून कळायचं नाही. आईची खुर्ची, जिच्यावरून उठताना तिला कुणाचा हात धरावा लागत नाही. वाचनालयातली चाकांची शिडी. डॉक्टरीणबाईंचं औषधांचं कपाट, ज्याचा कुठलाही खण एका बोटाने उघडतो आणि आवाज न करता मिटतो. समोरच्या शिंप्याचं कापड बेतायचं टेबल. आणि तुझ्या स्वयंपाकघरातलं ते टेबल, ज्यावर तुझ्या दोन्ही मुली शिकतात, ज्यावर तुम्ही जेवता आणि ज्यात मी एकही खिळा मारलेला नाही. यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही. एक मोडकी खुर्ची उघडली, परत जोडली, तीच माझी शाळा. तेव्हा शाळेत न जाता शिकण्याचा शोध तू लावलास, असा समज असेल तर तो काढून टाक.

आता तुझा मासिकातला लेख. तुझ्या वहिनीने तो मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा, दुसऱ्यांदा उगाचच. मुलींना घरी शिकवणाऱ्या आईच्या, पानं पिवळी व्हायला लागतात त्या दिवसांतल्या आवडीच्या छोट्या गोष्टी! कान तुटलेला चहाचा कप तुला आवडतो. अंगठ्याला भोक पडलेले लोकरीचे मोजे आवडतात. मुली पाढे म्हणत असताना एकाच भांड्यात आपलं आपण शिजणारं जेवण आवडतं. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन येतं आणि त्यात उडणारी धूळ दिसते, तीही आवडते. धूळ आवडायला लागली की केर काढावा लागत नाही, ही सोय मला पटली. इथवर माझी काही हरकत नाही. घर तुझं, भोकं तुझी.

पण पाचव्या क्रमांकावर तू लिहितेस की, माझ्या सुतार भावाने केलेलं डुगडुगणारं टेबल! तुटका कप, फाटका मोजा, धूळ आणि मी. बरी पंगत बसवलीस.

गावात सुतार भाऊ म्हणजे कोण, हे विचारायला कुणाला लांब जावं लागत नाही. दातांचे डॉक्टर नवा दवाखाना काढतायत, त्यांची सगळी कपाटं मी करणार होतो. मापं घेऊन झाली होती. काल ते म्हणाले की तुमची टेबलं हलतात म्हणे, जरा थांबू या. पंचवीस वर्षांत माझ्या कामाला कोणी जरा थांबू या म्हटलेलं नाही. माझ्याकडे दुकान नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. नाव आहे, तेवढंच आहे, आणि ते तू मोज्याशेजारी वाळत घातलंस.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आण. टेबल हलत नाही, जमीन वाकडी आहे, असं लिही. माझा लोभ आहे तिथेच आहे. वाढवायचा की कसं, ते अंक आल्यावर बघू.

तुझा,
दादा

२३ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घरात मोठ्याने वाचलं, आपल्याकडे तीच पद्धत दिसते. मोठीने, जिला तू वकील म्हणतोस, मुद्दे काढले. धाकटी भिंगरी म्हणाली की मामा रागावला की किती छान लिहितो, त्याला आणखी रागवायला लावू या.

जमीन वाकडी नाही. वकिलाने तीन ठिकाणी गोटी ठेवून पाहिली, गोटी जागची हलली नाही. टेबल मात्र हलतं. खिडकीकडच्या बाजूचा चौथा पाय. एरवी नाही, पावसाळाभर मुकाट असतं. हवा कोरडी झाली, ओठ फुटायला लागले, की एका सकाळी तेही टक करून बोलतं. थंडी मुरली की पुन्हा गप्प. तीन वर्षं हेच चाललंय.

राहिले ते दातांचे डॉक्टर. ज्या माणसाचं घर हलणाऱ्या दातांवर चालतं, त्याने हलणाऱ्या टेबलाला नावं ठेवावीत?

आणि लेख तू वाचला नाहीस, ऐकलास. वहिनीने मधली चार वाक्यं गाळलेली दिसतात, मी तिला ओळखते. मी लिहिलंय की मी ओट्याशी उभी असते, पाठ मुलींकडे. एक हात पातेल्यात, तोंडाने शुद्धलेखन सांगणं चालू. भिंगरी लिहीत असते तोवर दोन्ही कोपर टेबलावर रेललेले असतात आणि टेबल गप्प असतं. तिने पेन्सिल ठेवून खिडकीबाहेरची खार बघायला मान वळवली, की कोपर उठतो आणि पाय बोलतो. टक. मी न वळता म्हणते, लिही. तिला अजूनही वाटतं की आईला पाठीला डोळे आहेत. या दिवसांत मला जे दोन जास्तीचे डोळे मिळतात ते तुझ्या टेबलाचे, म्हणून ते आवडीच्या गोष्टींत. तुला धुळीच्या रांगेत बसवायचा माझा हेतू नव्हता. मोज्याच्या म्हणशील तर थोडा होता.

दुरुस्ती छापणार नाही. खरं लिहिलंय ते खोटं कसं करू? मुलींना रोज वेगळंच शिकवते. आणि हो, हत्यारं घेऊन इकडे येऊ नकोस. नुसता ये. ताटात वाढायला कधी कमी पडलं नाही, पडणार नाही. तुझी माया अशीच फटकळ राहू दे.

तुझी,
चिमणी

२७ सप्टेंबर

चि. चिमणीस,
आशीर्वाद आहेतच. वि. वि.

वहिनीला विचारलं. वाक्यं गाळल्याचं तिने कबूल केलं, कारण विचारल्यावर म्हणाली की तुमचा चेहरा बघायचा होता. माझ्या बाजूचा माणूस मी एकटाच, बाकी सगळे तुझ्या पक्षातले.

तर हवा कोरडी झाली की. एवढं एक वाक्य लेखात घातलं असतंस तर कुठल्याही सुताराला कळलं असतं की चूक कुणाची. लाकूड तोडलं म्हणजे मरत नाही. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. ओलं लाकूड घेतलं तर फळी बाक धरते आणि एखादा पाय केसभर उचलला जातो. हे मला माहीत नव्हतं? फळ्या आणखी एक थंडी सुकू दे, असं मी तुला बजावलं होतं. पण तुला एका संध्याकाळी मुलींच्या बाईंचा राग आला, सकाळी त्यांची नावं शाळेतून काढलीस आणि सोमवारी घरात शाळा भरायची म्हणून टेबल हवं झालं. लाकडाला तुझ्या रागाचं वेळापत्रक कोण सांगणार? मी नको म्हणालो, तू फोनवर रडलीस, मी फळ्या उचलल्या. आता तेच रडणं टक टक करून वाजतंय आणि त्यावर माझं नाव आहे.

शनिवारी येतो. सपाटी बघायची पाणसळ, रंधा आणि बारीक करवत घेऊन येतो. बाकीचे तीन पाय केसभर उतरवतो, अर्ध्या तासाचं काम. मग डॉक्टरांना तुझ्या घरी आणतो, टेबलावर काठोकाठ भरलेला पेला ठेवतो आणि त्यांना म्हणतो, हलवा. तुझ्या पाठीच्या डोळ्यांचं तू बघ, चष्मा लाव. मुलींना सांग, मामा येतोय, खारीलाही सांग. प्रेमात खोट नाही, सांध्यातही नव्हती.

दादा

३ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी पाणसळ इथेच राहिली. वकील ती घेऊन घरातलं एकेक फडताळ मोजत सुटली आहे आणि निकाल भिंतीवर लावते आहे. पाणसळ विसरून जाणारा माझा भाऊ मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, म्हणून घडलं ते लिहून ठेवते. तू वहिनीला निराळंच सांगितलं असशील.

तू आलास, चहा घेतला नाहीस, टेबलाखाली आडवा झालास. तिथून ओरडलास की सांधे जसेच्या तसे आहेत, ते मुलींना वाकून बघायला लावलंस. मग करवत काढलीस. तेवढ्यात खाली गॅसवाला आला, म्हणून मी तुझ्या हातात डाव दिला आणि म्हटलं, बुडाला लागू देऊ नकोस, भिंगरीचं लिहून होऊ दे, मग काप काय कापायचं ते. मी जिन्यावरून परत येत होते. दार उघडंच होतं. तू ओट्याशी, पाठ इकडे, पातेल्यात नजर. टेबल वाजलं. आणि तू न वळता म्हणालास की भिंगरे, लिही. ती लिहायला लागली. पुन्हा वाजलं, पुन्हा तेच म्हणालास, या वेळी आपल्या बाबांसारखा घसा खाकरून. मी दारातच उभी राहिले. भिंगरीने वकिलाला हळूच विचारलं की मामालासुद्धा आहेत का ग.

मग तू जेवलास, करवत पोत्यात गुंडाळलीस आणि बसची वेळ झाली म्हणून निघालास. बसला अजून तास होता.

दुरुस्ती काय छापू, तूच सांग. मासिकाच्या पत्त्यावर एका दुकानदाराचं पत्र आलंय, त्याला तुझा पत्ता हवा होता. दिला. पाणसळ न्यायला ये, जिव्हाळा घेऊनच ये, आणि भुकेला ये.

तुझी,
चिमणी

१० ऑक्टोबर

चि. चिमणीस,
आशीर्वाद. वि. वि.

बसला तास नव्हता, चाळीस मिनिटं होती.

पाय का नाही कापले ते सांगतो. ओलावा अजून उतरतोय, आत्ता कापले असते तर पावसाळ्यात उलट्या बाजूने वाजलं असतं. हे शास्त्रीय कारण आहे. दुसरं काही नाही, वहिनीलाही हेच सांगितलं आहे. ती हसली, हसू दे. पुढच्या वर्षी लाकूड पुरतं सुकेल आणि टेबल कायमचं गप्प होईल. तोवर भिंगरीला शिस्त लावून घे, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस.

दातांच्या डॉक्टरांनी कपाटं तयार आणवली. लाकडाचा भुसा दाबून केलेली, वर चकचकीत कागद. एक दार आत्ताच खाली लोंबायला लागलंय, मी रस्त्यावरून काचेतून पाहिलं. तीन वेळा पाहिलं. त्यांना कळवणार नाही. दारं उघडताना त्यांनाच कळेल.

दुरुस्ती छापू नकोस. फक्त पुढे कधी लिहिलंस तर कपाच्या आधी लिही.

मुलींना पापा, जावईबापूंना नमस्कार, आणि तुझ्यावर जे आहे ते पूर्वीइतकंच, मापात.

दादा

ता. क. तो दुकानदार आला होता. मोठी गाडी, लाकडाला नखाने टोचून बघतो. त्याला बोलणारी टेबलं हवीत, घरी शिकवणाऱ्या आयांसाठी, एक पाय मुद्दाम आखूड कापून. मी म्हटलं की मुद्दाम कापलेला पाय बारा महिने वाजतो, कुणाच्याही कोपराने वाजतो आणि चार दिवसांत घरातल्यांना ऐकू येईनासा होतो. आणि या हातांनी आजवर जे वाकडं झालं ते घाईत झालं, ठरवून एकही नाही. बारा टेबलं, एकाचे चौदा हजार, सगळे आगाऊ. एक लाख अडुसष्ट हजार. नको म्हणालो.