पिवळं म्हणजे चांगलं

३ मार्च, सकाळी ७
सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर म्हणून रुजू झालो. गावात बारा वर्षं विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, जुलाबाची एक केस नाही. संकल्प : वर्षभरात हा प्लांट जिल्ह्यात पहिला आणायचा.

५ मार्च
इंजिनिअर विजयकुमार साहेबांनी काम समजावलं. शेवटच्या टाकीत क्लोरीन टाकून जंतू मारायचे. मग पाणी ओढ्यात सोडण्याआधी दुसऱ्या पावडरीने तोच क्लोरीन काढायचा. आधी टाका, मग काढा. हसू कसंबसं आवरलं. दुसरी पावडर मागच्या खोलीत ठेवून दिली. बचत.

११ मार्च
ओढ्यात जाणारं पाणी नळीत घेऊन टेस्टचे दोन थेंब टाकले. पिवळं धमक, म्हणजे क्लोरीन भरपूर. विहिरीला असा रंग आला की सरपंच पाठ थोपटायचे. इथे कदर करणारं कोणी नाही.

१८ मार्च
जनकाबाई आली होती. आमच्याच गावची, मला भाऊ मानते. ओढ्याच्या डोहात मासे धरून सेनगावच्या बाजारात विकते, घर त्यावरच चालतं. मासे उलटे होऊन तरंगतायत म्हणाली. ऊन फार आहे, असं सांगितलं. मलाही ते पटलं.

१९ मार्च
मासे आजारी म्हणजे पाण्यात जंतू. डोस वाढवला.

२३ मार्च, दुपारी
डोहावर गेलो. बेडूकसुद्धा नाही. पाण्याला माझ्याच ब्लीचिंग पावडरीचा वास. परत येऊन साहेबांनी दिलेला कागद पहिल्यांदा वाचला. क्लोरीन शिल्लक राहिला तर माशांचे कल्ले जळतात. तीनदा वाचला. दुसरी पावडर सुरू केली. उद्या जनकाबाईला सगळं सांगणार.

२४ मार्च
तिचा बाजार होता.

२५ मार्च
डोकं दुखत होतं. माझं.

२९ मार्च
जनकाबाई तांब्यात डोहाचं पाणी घेऊन स्वतःच प्लांटवर आली. टेस्ट करा म्हणाली. दोन थेंब टाकले. रंग आला नाही, म्हणजे पाणी आता ठीक. तिचा चेहरा मात्र उतरला. विहिरीवर हा रंग बघायला तिला मीच शिकवलं होतं.
"पिवळं न्हाई झालं, भाऊ. म्हंजे दवाच न्हाई त्यात. म्हणून मासे मरून राहिले. तुमी दवा टाकत व्हता तवा गावात एक लेकरू बिमार न्हाई पडलं. डोहात बी टाका नं थोडी."
टाकतो म्हणालो. तिने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि रिकामी टोपली घेऊन गेली. एवढी लाज जन्मात वाटली नव्हती. सांगायचं राहिलंच.