मालकाच्या हातचा नारळ

मुक्काम जयगड,
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८५५

तीर्थरूप भिकाजीदादास,

धाकट्या मथूचा पाया पडून नमस्कार. इकडे सारे खुशाल. हर्ण्यास तू आणि तुझं नवं बिऱ्हाड सुखरूप असेल, असं धरून चालते.

गणपती पोचवले. सकाळी खाडीवर धुकं असं उतरतं की समोरचं काही दिसत नाही, नुसते वल्ह्यांचे आवाज येतात. त्यात मला तुझा मचवा दिसतो. खरा नव्हे, तो तिकडे हर्ण्याच्या बंदरात नांगरून आहे. हा पाण्याला न टेकता जातो, आणि त्यावर तू बसलेला, पंधरा-सोळा वर्षांचा, मांडीवर माझी पाटी.

तुझी चिमा सात वर्षांची झाली. येसूवहिनी लोकांकडे भात कांडते, तेवढ्यात दोघींचं भागत नाही. पोर तुझ्यासारखीच, भूक लागली की गप्प बसते. परवा म्हणाली, "आत्ये, पुनवेला बाबा आला व्हता ना? मंग घरी का नाय आला?"

मी म्हटलं, भरतीची घाई होती. खोटं बोलले, आणि मला तुझाच राग आला.

शिमग्यात तू कोर्टात सांगितलंस की मचवा चुलतभावाला, रावजीला विकला, मी आता त्यावरचा नुसता पगारी तांडेल, बायकोपोरीला पोटगी कुठून देऊ? कागद चोख होते. वहिनीचे वकील म्हणाले, "मालक अजून तोच आहे, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस हवं."

मग नारळीपुनव आली. पूजेचं ताट माझ्या हातात होतं. रावजीनं नारळ उचलला आणि तू तो त्याच्याकडून काढून घेतलास. "बाजूला हो रे. दर्याला मालकाच्या हातचा नारळ लागतो."

किती वेडा रे तू! कोर्टापुढे खोटं बोललास आणि दर्यापुढे बोलवेना. त्या वेळी मला तुझी फार माया आली.

तो नारळ अजून स्वप्नात येतो. भरतीबरोबर परततो, आपल्या पायरीशी थांबतो. चिमा दार उघडते आणि दोन्ही हातांनी उचलून घेते.

दादा, कोर्टाची तारीख काल होती. तू आला नाहीस, वकील पाठवलास. साहेबांनी विचारलं, नारळ कोणी सोडला?

मी सांगितलं.

पोटगीचा हुकूम झाला. चुकवलीस तर मचव्यावर जप्ती येईल. मचवा तुझा जीव आहे, ठाऊक आहे मला, म्हणून बेलिफाच्या आधी हे पत्र. पोरीचं पोरीला पाठव. स्वतः घेऊन आलास तर ती किती हरखेल!

कोर्टात मी रडले नाही, घरी येऊन रडले. शेजारच्या यमुनाबाईचीही साक्ष झाली, तिनं आपल्या जबानीखाली अंगठा उठवला. मी सही केली. बहिणीला शाळेत घालतोस म्हणून गाव तुला हसलं होतं, आठवतं? अक्षर वळणदार आलं, दादा.

तुझी, तूच हात धरून लिहायला शिकवलेली,
मथू