ज्याचं छप्पर, त्याची मर्जी

तीर्थरूप दाजी,

तुम्हाला साष्टांग नमस्कार, आणि हे पत्र तुमच्याआधी उघडून वाचणाऱ्या ताईला दोन जास्तीचे. (ताई, पुढे जिथे जिथे कंस दिसेल तिथे तू चष्मा काढून ठेव.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, की जिना चढताना तो बोलतो. बोलू द्या. आपल्या वयात कुणीतरी आपणहून आपल्याशी बोलतंय, हेच पुष्कळ. इकडे सगळं क्षेम आहे. ही बरी आहे, मुलगी बरी आहे, मांजर तर आम्हा तिघांपेक्षा बरं आहे. मी मात्र बरा नाही, आणि त्याचं कारण ऐकलंत तर तुम्ही तुमचा गुडघा विसराल.

आज सकाळी मला चहा उभ्याने प्यावा लागला.

हे वाक्य घाईत वाचू नका. एका हातात बशी, बशीत कप, दुसऱ्या हातात सिगारेट. आता साखर ढवळायची कोणत्या हाताने? वाफेने चष्मा आंधळा झाला तर तो पुसायचा कोणी? वर ताडपत्री आहे, पण तिला एक भोक आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई कुंड्यांना पाणी घालायला लागल्या की ते पाणी अख्खा रस्ता सोडून माझ्याच कॉलरमध्ये उतरतं. दूधवाला सायकलवरून जाताना मान तिरकी करून असं बघतो, की जणू माझ्या घरी काहीतरी झालंय आणि त्याला भेटायला यायला जमलेलं नाही. इतकी वर्षं ज्या टेबलावर कोपर टेकून मी चहा प्यायलो ते टेबल काचेआड मला दिसतं. त्यावर एक तरुण जोडपं बसलेलं असतं. ती दोघं दूध पितात.

आता मुळापासून सांगतो. कोपऱ्यावरचं उपाहारगृह तुम्हाला ठाऊक आहे, मागच्या खेपेला आपण तिथेच बसलो होतो (आपण मंडईत गेलो होतो असं ताईला सांगितलं होतं, तेव्हा). त्याचा मालक माझा शाळेपासूनचा मित्र. गल्ल्यावर तो, आत वहिनी. चहा वहिनींचा आणि नाव मालकाचं, अशी त्या दुकानाची आणि बहुतेक संसारांची वाटणी असते. मालक स्वतः सिगारेटला शिवत नाही. पण आपलं दुकान धुरावर चालतं, जसं पूर्वी आगगाडीचं इंजिन चालायचं, अशी त्याची पक्की समजूत होती. तर दोनेक महिन्यांपूर्वी नगरपालिकेच्या डोक्यात आलं, की गावातल्या कुठल्याही दुकानात, उपाहारगृहात, सलूनमध्ये, थोडक्यात छपराखाली, धूम्रपान बंद करावं. आणि नेमकं त्याच आठवड्यात वहिनींनी जाहीर केलं, की आपण दुकान सोडून लेकीकडे राहायला जाणार. त्यांचा खोकला वर्षभर हटत नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक तर धूर सोडा नाहीतर दुकान सोडा. धूर त्या सोडू शकत नव्हत्या, कारण त्यांनी तो कधी धरलाच नव्हता. बिचारा मालक दोन्हीकडून खचला. गिऱ्हाईकं जाणार, आणि बायकोही जाणार. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या. (आम्ही दोघंही पदवीधर आहोत.)

तो माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "अरे, तू रविवारी पेपरात चार खवचट ओळी लिहितोस, त्या एकदा उभं राहून बोल की. नाहीतर मी संपलो." मित्र संपत असताना बघत बसणारा मी नव्हे. शिवाय पालिकेच्या सभागृहात पंखे चांगले आहेत.

सभेला गर्दी झाली होती. सगळे धंदेवाले एका बाजूला, बंदीवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधे नगराध्यक्ष. हा गृहस्थ असा, की स्वतःच्या घरातसुद्धा दोन्ही खिडक्यांतून हात हलवतो. बंदीवाल्यांकडून दातांच्या डॉक्टरीणबाई बोलल्या. गेल्या वर्षी त्यांनी माझी एक दाढ काढली होती, त्यामुळे माझं तोंड त्यांना आतून माहीत आहे. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक चहा पितं आणि उठून जातं. पण आत जे दिवसभर राबतात त्यांनी श्वास कुठे घ्यायचा? प्रश्न जरा टोकदार होता. त्यावर सलूनवाला उठून म्हणाला, की माझी गिऱ्हाईकं गळ्यापासून कापडात गुंडाळलेली असतात, सिगारेट धरणार कशाने, तेव्हा बंदी आली काय नि गेली काय, मी दोन्ही बाजूंनी आहे. नगराध्यक्षांनी त्याच्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

मग मी उभा राहिलो. दाजी, आत्मस्तुती मला जमत नाही, म्हणून जे घडलं तेवढंच सांगतो: भाषण अप्रतिम झालं. मी म्हणालो, पालिकेने पाणी सोडावं, दिवे लावावेत, गटारं उपसावीत, आणि त्यातून वेळ उरला तर (गटारांकडे पाहता उरत असावा) झोप काढावी. पण माणसाच्या दुकानात शिरू नये. ज्याचं छप्पर, त्याची मर्जी. धूर नको असेल त्याने दुसरं दुकान गाठावं, कुणी कुणाला दोरीने बांधलेलं नाही. आणि डॉक्टरीणबाई विचारतात त्या आत राबणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांनाही दोन पाय आहेत, तेही निवड करू शकतात. टाळ्या पडल्या. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. (तिथे कुणी ओढत नव्हतं, तेव्हा ते धुराने नसणार.) नगराध्यक्षांनी दोन्हीकडे हात हलवून निकाल दिला: सरसकट बंदी नाही. प्रत्येक मालकाने आपल्या मर्जीने, स्वतःच्या तोंडाने, मुभा की बंदी ते पालिकेच्या निरीक्षकाला सांगायचं. मग दारावर तशी पाटी लावायची, आणि वर्षभर ती बदलायची नाही. आम्ही जिंकलो होतो. मला जवळजवळ खांद्यावरच घेणार होते. वजनाचा अंदाज आल्यावर नुसता हार घातला.

निरीक्षक यायचे त्या दिवशी दुकान आम्ही झाडून पुसून ठेवलं. पाटी आधीच रंगवून आणली होती, 'येथे धूम्रपानाची मुभा आहे', आणि रंगाऱ्याने खूश होऊन 'मुभा'च्या दोन्ही बाजूंना एकेक गुलाब काढला होता. मी माझ्या टेबलावर, मालक गल्ल्यावर नवा सदरा घालून, आणि वहिनी आत. त्यांची बॅग स्वयंपाकघराच्या दाराशी बांधून तयार होती, संध्याकाळची गाडी होती. निरीक्षक म्हणजे एक सरळ, कोरडा माणूस. त्याने विचारलं, मालक कोण? सगळ्यांनी मालकाकडे बोट केलं. मालकाने स्वतःसुद्धा स्वतःकडे केलं. निरीक्षक म्हणाले, तसं नाही, परवान्यावर कोण? आणि मालकाचं बोट हवेतच राहिलं.

झालं होतं असं, की बायकांच्या नावावर परवाना काढला तर फी निम्मी पडते, म्हणून दुकान सुरुवातीपासूनच वहिनींच्या नावावर होतं. लपवाछपवी काही नव्हती. आमची आळीच तशी. फी वाचवायला दुकान बायकोच्या नावावर, बिल वाचवायला नळ आजीच्या नावावर. सलूनवाल्याचं सलून तर त्याच्या सासूचं आहे, आणि तिने त्यात आजवर पाऊल टाकलेलं नाही. छपरं कुणाची, हे भाषणाआधी एकदा चौकशी करून घ्यायला हवं होतं, एवढंच.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. मालक म्हणाला, "काही नाही गं, नुसतं मुभा म्हण आणि जा आत." वहिनींनी निरीक्षकांना विचारलं, "माझ्या मर्जीने सांगायचं?"

"हो बाई."

"ह्यांना विचारावं लागत नाही?"

"नाही."

"मग बंदी," वहिनी म्हणाल्या.

माझ्या सिगारेटची राख थेट माझ्या चहात पडली. मालक चाचरत म्हणाला, अगं, पण गिऱ्हाईक, अगं, पण तू तर लेकीकडे. वहिनी म्हणाल्या, "जाणार होते. दुकान का धूर, त्यातलं दुकान सोडणं तेवढं माझ्या हातात होतं, म्हणून ते सोडत होते. धूरच सोडता येतो म्हटल्यावर कशाला जाऊ? ही चूल मी मांडलीय." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी मनातल्या मनात चार मुद्दे तयार केले होते, पण त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुमचं भाषण मी मागे जिन्यात उभी राहून ऐकलं हं. फार पटलं. ज्याचं छप्पर, त्याची मर्जी. आणि कुणाला दोरीने काही बांधलेलं नाही. समोरचं दुकान उघडंच असतं."

दाजी, तुम्ही वकिलांच्या घराण्यातले. तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं असतं? मी सिगारेट विझवली आणि अभिनंदन केलं. गावात या निर्णयाविरुद्ध तोंड उघडायचा हक्क नसलेला मी एकटाच आहे, कारण तो माझ्याच तोंडून निघालेला आहे. वहिनींनी पाटी फुकट जाऊ दिली नाही. उलटी करून मागे 'बंदी' लिहून घेतलं, आणि रंगाऱ्याने सवयीने तिलाही गुलाब काढले.

समोरच्या दुकानात मी जाऊन पाहिलं. तिथे मुभा आहे, खुर्च्या आहेत, राखदाण्या आहेत, आणि चहा असा आहे, की मागच्या गिऱ्हाईकाचा कप धुतलेलं पाणी पुढच्याला देत असावेत. सगळे ओढणारे दोन दिवस तिकडे बसले आणि तिसऱ्या दिवशी माना खाली घालून परत आले. आता आम्ही ताडपत्रीखाली उभे असतो. मालकही कधीकधी आमच्यात येऊन उभा राहतो. ओढत नाही, नुसता उभा राहतो, कारण आत आता त्याचं नेमकं काय काम आहे ते त्याला अजून कळलेलं नाही. धंदा घटलेला नाही, वाढलाय, हे त्याला फार लागलं आहे. परवा आतून वहिनींच्या गुणगुणण्याचा आवाज आला. मालक म्हणाला, "ही गायची, हे मी विसरलोच होतो."

माझं मत म्हणाल तर तसूभरही बदललेलं नाही. मालकाला निवडीचं स्वातंत्र्य असलंच पाहिजे, हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. फक्त आधी परवाना बघायला मागेन.

ताईला आणि भाचरांना आशीर्वाद आणि ज्याला जे लागू असेल ते.

तुमचा,
उभा मेहुणा

ता. क. लिहायचं मुख्य राहिलंच. तुम्ही सिगारेट सोडलीत त्याला बरीच वर्षं झाली. कशी सोडलीत ते सविस्तर कळवा. तब्येत, मुलंबाळं, निश्चय वगैरे नको, ते माझ्याकडे छापील आहे. पहिल्या महिन्यात हातांचं काय केलंत, तेवढंच लिहा. उत्तर घरी पाठवू नका, उपाहारगृहाच्या पत्त्यावर पाठवा. सोमवारपासून मी आत बसतो असं वहिनींना सांगून बसलो आहे. त्यांनी टेबल राखून ठेवलंय आणि कुणाला काही सांगितलेलं नाही.

ता. क. २. सोबतच्या पुडक्यात तुमचा लायटर आहे. भाचीच्या लग्नात मांडवामागे घेतला होता, तुम्ही कधी मागितला नाहीत. दगड नवा बसवून घेतला आहे. ताईला शेगडी पेटवायला होईल.