मातीचा माईक

ती. मामास,

तुझ्या भाचीचा नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण खोलीभर ओली माती पसरलीय, आणि मी एकदा आडवी झाले की आपण होऊन उठत नाही, हे तुला ठाऊक आहेच.) तुझा गुडघा कसा आहे? मामीचा राग कसा आहे? दोन्ही थंडीत वाढतात, असं आई म्हणते. कुत्रं अजून दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकांच्या वाटेत झोपतं का? इकडे मी खुशाल आहे. पत्रात लिहायची रीत म्हणून हा शब्द लिहिला. पुढचं वाचून तो ठेवायचा की खोडायचा, ते तूच ठरव.

मी कला महाविद्यालयात जाणार म्हटल्यावर सगळं घर अंगावर आलं होतं, तेव्हा तू एकटा माझ्या बाजूने उभा राहिलास. तुझ्या दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र कमोडांवर बसून माणसं रोज सकाळी विचार करतात, मग पोरीच्या पुतळ्यासमोर उभं राहून क्षणभर केला तर बिघडलं कुठे, असं तू आईला म्हणालास. त्या वाक्यावर मी शिल्पकला घेतली. म्हणून जे झालं त्याचा थोडा दोष तुझ्याकडेही येतो, आणि म्हणूनच हे पत्र तुला.

आमच्या विभागाच्या मागच्या अंगाला मातीचा एक हौद आहे. वर्षभर केलेली मुंडकी, हात, घोडे वर्ष संपलं की त्यातच जातात आणि पुढच्या वर्षी दुसरंच काही होऊन बाहेर येतात. गेल्या साली जो क्रांतिकारक होता, तो यंदा कुणा शेठच्या आईचा अंबाडा झाला. (हौदातली माती सर्वपक्षीय आहे. कुणाचाही चेहरा घेते आणि पाणी मारलं की सोडून देते.) आमचे सर शिकवतात की कलाकाराने माध्यमाशी प्रामाणिक राहावं, लाकूड लाकडासारखं दिसावं, दगड दगडासारखा. हेच सर सुटीत गावोगावच्या चौकांसाठी फायबरचे पुतळे करतात आणि त्यांना ब्राँझचा रंग मारतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगं, तो माणूस तरी कुठे आतून ब्राँझचा होता?"

तर यंदाच्या वार्षिक प्रदर्शनाला विषय होता ‘आजचा आवाज’. माझी मैत्रीण काडी (कोळशाच्या काडीसारखी बारीक, आणि हात लावाल तर डाग ठेवणारी) हिने कान केले. ती ज्या गल्लीत राहते, ती रस्ता रुंद करण्यासाठी पाडणार आहेत. दातांचे डॉक्टर ठसे घ्यायला वापरतात तो गुलाबी लगदा घेऊन काडी घरोघर फिरली आणि शेजाऱ्यांच्या कानांचे साचे काढून आणले. शिंप्याचा, सुईणीचा, ठार बहिऱ्या आजोबांचा. (ते म्हणाले, "माझा कशाला पोरी? तो चालत नाही." काडी म्हणाली, "म्हणूनच.") प्लास्टरचे ते कान तिने पांढऱ्या भिंतीवर लावले. भिंत ऐकत उभी आहे असं वाटायचं. मी तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा उगाचच आवाज खाली आणला.

मी केला माईक. लोखंडी स्टँड खरा, वरचा माईक न भाजलेल्या मातीचा, वरून ग्रॅफाइटची काळी पूड चोळलेली. आत तारेचा सांगाडा मुद्दाम घातला नाही. पहिल्या दिवशी तो ओला ठेवायचा, मग आपोआप सुकेल, तडकेल आणि शेवटच्या दिवशी गळून पडेल, अशी माझी कल्पना. सरांना फार आवडली. "यात एक मौन आहे," असं ते म्हणाले. (ज्यात त्यांना काही कळत नाही, त्यात त्यांना मौन सापडतं.)

उद्घाटनाला मंत्री येणार होते. तो रस्ता ज्यांच्या सहीने रुंद होणार, तेच. आदल्या दिवशी विभागप्रमुख बाई आल्या, कानांच्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि काडीला म्हणाल्या, "कान उत्तम आहेत गं. पण पाहुणे बोलायला येतायत." संध्याकाळपर्यंत कान खोक्यात गेले आणि भिंतीवर ‘रंग ओला आहे’ अशी पाटी लागली. रंग कुठला, मामा? भिंत पहिल्यापासून कोरडी होती. मी बाईंना म्हटलं, मग माझाही माईक काढा. बाई हसल्या. "माईकने कुणाचं काय बिघडलंय? राहू दे."

मंत्री आले. सोबत प्राचार्य, सर, अंगरक्षक आणि एक समीक्षक (आम्ही त्यांना ‘समकालीन’ म्हणतो, हा शब्द घातल्याशिवाय त्यांना साधा चहाही मागता येत नाही). खऱ्या भाषणासाठी व्यासपीठ अंगणात होतं. पण दालनात शिरताच मंत्र्यांना मधोमध स्टँडवरचा माईक दिसला आणि त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले. दिव्याकडे पाखरू जावं तसे. त्यांनी माईकची मान पकडली, घसा साफ केला आणि बोलायला लागले. कलाकाराचं स्वातंत्र्य, कलाकाराचा निर्भय आवाज, वगैरे. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला, पण सांगणार कोण? मध्येच मंत्र्यांनी विचारलं, "मागे आवाज येतोय ना?" आणि मागून सगळे एका सुरात ओरडले, "येतोय!"

मामा, हे मी विनोद म्हणून सांगत नाही. मीही ओरडले.

स्वातंत्र्य रंगात आलं तसा माईक त्यांच्या मुठीत हळूहळू वाकायला लागला. त्यांनी तो वर धरला, तो पुन्हा वाकला, त्यांनी पुन्हा वर धरला. शेवटी घाम पुसायला त्यांनी तोच हात तोंडावरून फिरवला. ग्रॅफाइट फार प्रामाणिक माध्यम आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं एकसारखं झालं. आयुष्यभर मनात असलेलं काम माझ्या डोळ्यांदेखत होत होतं, आणि मी बोटही उचललं नव्हतं. ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने केलं.

मग त्यांना आपला हात दिसला. दालनात जे पसरलं, ते मात्र खरंखुरं मौन होतं. अंगरक्षक माझ्याकडे बघायला लागला. माझं शिक्षण तिथेच आटोपलं होतं, पण समकालीन पुढे झाले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! साहेबांनी कलाकृती पूर्ण केली! हा समकालीन सहभागाचा नमुना आहे!" प्राचार्यांनी टाळी उचलली, सरांनी ती वाढवली. मंत्र्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला लहानपणापासून आवड आहेच." झालं. अपमानाचं नाव निघायच्या आत अभिमान तयार झाला.

पहिलं बक्षीस अर्थात माझ्या माईकला. म्हणजे माझ्या म्हणायचं तेवढंच. शेजारचं कार्ड दुसऱ्या दिवशी बदललं. मोठ्या अक्षरांत मंत्र्यांचं नाव, आणि खाली बारीक टाइपात ‘साहाय्य’ म्हणून मी. समकालीनांनी लेख लिहिला की मातीत उमटलेली बोटं हेच खरं शिल्प आहे, त्याआधी होता तो नुसता कच्चा माल. आणि आता त्या वाकलेल्या माईकची पुरुषभर उंच प्रतिकृती करून रुंद होणाऱ्या रस्त्यावर उभी करायचं ठरलंय, आणि ती मीच करायची. फायबरमध्ये. वरून ब्राँझचा रंग. जागा ठरलीय ती काडीच्या गल्लीच्या तोंडाशी, गल्ली उठली की.

मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, कानांची भिंत परत लावा, मग माझं नाव काढलंत तरी चालेल. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि अगदी वडिलांच्या मायेने म्हणाले, "बाळ, तुझं शेवटचं वर्ष आहे ना?" एवढंच. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं.

काडीने ते कार्ड वाचलं आणि हसली. "तुझं नाव बारीक का होईना, आलं तरी." ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती खोकं उचलून घरी गेली आणि ज्याचा त्याला कान परत करून आली. बहिऱ्या आजोबांनी विचारलं म्हणे, "पाहुणे काय म्हणाले?"

तेव्हा मामा, मी ठरवलंय. बक्षीस परत करणार आणि तो फायबरचा माईक मी करणार नाही. आपल्या घराण्यात कुणी कधी वाकलं नाही. (तुझा गुडघा धरून.) मातीपेक्षा माणसाला थोडा कणा जास्त असावा, एवढं तरी मी या तीन वर्षांत शिकले. मामीला नमस्कार, कुत्र्याला प्रेम.

तुझी भाची

ता. क. यातलं आईला काही सांगू नकोस. तिने वर्तमानपत्रातला माझा आणि मंत्र्यांचा फोटो फ्रेम करून घेतलाय. तोंड पुसल्यानंतरचा आहे. शेजारच्या काकूंना तिने दोनदा बोलावून दाखवला.

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते एका कामासाठी, आणि ते वर लिहायला धीर झाला नाही. तुझ्या दुकानावरच्या दोन खोल्यांत टवके उडालेली बेसिनं ठेवली आहेस, ती एका खोलीत रचता येतील का? काडीची गल्ली येत्या आठवड्यात पाडतायत. ती, आई-वडील आणि वडिलांचं शिलाई मशीन. फार पसारा नाही. शांत माणसं आहेत. मामीला तूच विचार. मी विचारलं तर ती आधी माझ्या लग्नाचं काढेल.

ता. क. बक्षीस परत केलेलं नाही. माईकलाही हो म्हणून आले, परवाच. काडीला सांगितलं तेव्हा मान वर करवत नव्हती. ती म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर भिंती परत उभ्या राहणार आहेत का? कर. फक्त नीट कर. आमच्या दारात उभा राहणार आहे तो." वरचा कण्याचा परिच्छेद खोडणार होते, पण अक्षर चांगलं आलं होतं.

ता. क. काडीचे वडील विचारत होते, तुझ्या दुकानासमोरचा रस्ता किती रुंद आहे. मी म्हटलं, पुष्कळ रुंद आहे, काळजी करू नका. ते खरं आहे ना, मामा? जरा नीट चौकशी करून कळव.