तारेतलं शिंग

रविवार, २६ एलूल
१३ सप्टेंबर १९३६

चि. हेंदल हिला तिसा नदीकाठच्या घरून आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आलुबुखार यंदा इतके लागले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तुझी आई दिवसभर मुरंबा ढवळते आणि बुडापेस्टच्या इस्पितळात तो आत नेऊ देतील का, एवढंच विचारते. तुझा खोकला कमी झाल्याचं वाचून बरं वाटलं.

नववर्षाच्या सणाला मी इथे प्रार्थनेच्या सभागृहात मेंढ्याचं शिंग फुंकीन तेव्हा ते तुला टेलिफोनवर ऐकायचंय, हे मी रब्बींच्या कानावर घातलं. सणाला यंत्राला हात लावायचा नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण आजाऱ्यासाठी काही वाट निघते का, पाहिलं.

ते म्हणाले, "झेलिग, कुणी खोल विहिरीत शिंग फुंकलं आणि काठावरच्याने नुसता प्रतिध्वनी ऐकला, तर त्याने शिंग ऐकलं का?"

"नाही, रब्बी."

"मग तारेतून येतं तेही शिंग नव्हे, नक्कल. सणाचं शिंग तसं चालणार नाही. पण या एलूल महिन्यात आपण रोज सकाळी फुंकतो तो नुसता रिवाज. तेवढं ऐकव पोरीला. फुंकण्याआधीचं आशीर्वचन मात्र म्हणू नकोस."

म्हणून शुक्रवारी पोस्टात गेलो. पोस्टमास्तर ओरडला, "झेलिगकाका, शिंग तेवढं घाला हं, अख्खा मेंढा माझ्या यंत्रात मावायचा नाही!" रांगेतल्या बायका हसल्या. तुलाही ऐकू आलं असेल.

मी फुंकून झाल्यावर तू म्हणालीस, "ताते, घरी बसल्यासारखं वाटलं. मी बरी आहे. सणाला येऊ नका, गाव काय करील तुमच्याशिवाय?"

परतताना रब्बींचंच बोलणं डोक्यात होतं. तारेतून शिंग येत नाही, तर माणूस कसा येईल? "मी बरी आहे" हे मला यंत्राने सांगितलं. दोन शब्दांच्या मध्ये तू जिथे दम घेत होतीस, तेवढंच तुझं होतं.

काल सभागृहात रब्बींनी तुझ्या नावाला आणखी एक नाव जोडलं. दुखण्याला जुन्या नावाचं माणूस सापडू नये म्हणून जोडतात, ते. घाबरू नकोस. तुझ्या लहानपणी गाडीवान गेत्सेललाही दिलं होतं, तो अजून घोड्यांना शिव्या घालतो. तुझी आई बायकांच्या पडद्याआडून "आमेन" म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुरुष वळून बघायला लागले.

सणाला इथे हेर्शेल फुंकील. त्याचा दम मध्येच तुटतो, पण गाव सांभाळून घेईल. मी बुधवारी सकाळच्या गाडीने निघतो, संध्याकाळी सण लागायच्या आत पोचेन. आत सोडलं नाही तर तुझ्या खिडकीखाली उभा राहून फुंकीन. नर्सबाईंना खिडकी उघडी ठेवायला सांग. मध्ये तार नसेल, म्हणून आशीर्वचनही म्हणेन. तू आमेन म्हण. हळू म्हणालीस तरी मला ऐकू येईल.

नव्या नावाला अजून जीभ वळत नाही. म्हणून समोर येऊन हाक मारण्याआधी एकदा लिहून पाहतो.

हाया हेंदल, माझी जगणारी,
तुझा बाप
झेलिग