शिट्टीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

टीचर,

आज गुरुवार. सकाळी मरोळच्या भाषांतराच्या ऑफिसात गेलो, दुपारी डबा जागेवरच खाल्ला, संध्याकाळी नाहूरला घरी आलो. दिवसभरात एकच काम झालं. कुकरच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका देतात, तिचं स्पॅनिश तपासायचं होतं. कंपनी इथलीच आहे, कुकर पहिल्यांदाच दक्षिण अमेरिकेत निघालेत. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही, आणि हे लिहून कुठे पाठवायचं तेही मला ठाऊक नाही. पण आज एका शब्दावर अडलो आणि विचारायला कोणी नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय.

हल्ली भाषांतराचा पहिला खर्डा कॉम्प्युटर करतो. आम्ही फक्त नजर टाकायची आणि पुढे सारायचं. पुस्तिकेत इंग्रजीत लिहिलं होतं, डाळीला तीन शिट्ट्या. कॉम्प्युटरने लिहिलं, त्रेस सिल्बातोस. व्याकरणात खोट नाही. पण सिल्बातो म्हणजे पंचाच्या गळ्यात दोरीला अडकवलेली असते ती शिट्टी. ते वाक्य वाचून बोलिव्हियातली एखादी बाई खोक्यात तीन शिट्ट्या शोधत बसली असती. मला हसू आलं. मग तुमचा उजवा हात आठवला आणि हसू थांबलं.

तो हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंपांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कारकून होतो. दक्षिण अमेरिकेतून स्पॅनिशमध्ये पत्रं यायची आणि ती कोणालाच वाचता यायची नाहीत. साहेब म्हणाले, गावठाणात एक बाई आहेत, बरीच वर्षं तिकडे मठात होत्या, आईच्या आजारपणात परत आल्या, शिकवतात. मी काम सुटल्यावर चालत आलो. क्रुसाच्या मागे तुमचं कौलारू घर. तुम्ही पुढच्या खोलीत बसवलं नाहीत, सरळ स्वयंपाकघरात नेलंत, कारण गॅसवर काहीतरी होतं. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड. तुम्ही कांदा चिरताय, मी वहीत क्रियापदं लिहितोय. बाही वर सरकवलेली आहे आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी दिसते आहे. मी बघितलं आणि मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "बघ, बघ. सगळेच बघतात. विचारत मात्र कोणी नाय." मीही विचारलं नाही. मी तसाच आहे, तुम्हाला माहीत आहे.

महिनाभराने तुम्ही मला एका परिच्छेदाचं भाषांतर दिलंत. मी रात्र जागून शब्दकोश धुंडाळला आणि जिथे खात्री नव्हती तिथे तिरक्या रेघा मारून तीन-तीन शब्द लिहिले. माझ्या मते तो प्रामाणिकपणा होता. तुम्ही चष्मा काढलात.

"हे काय आणलंस रे?"

"तिन्ही बरोबर आहेत, टीचर."

"अस्सं? पाहुणा आला की तुझी आई तीन ताटं वाढते काय? बाबा, तूच बघ, तुला काय रुचतंय ते खा?"

"नाही."

"मग? पाहुणा कुठला, मासे खातो की नाही, हे तिने आधी विचारायचं असतं ना? निवड एक. चुकलास तर चुकलास. मी आहे ना इथे सांगायला."

त्या संध्याकाळी मी फार खजील झालो. तुमच्याही ते लक्षात आलं असावं, कारण चहा टाकता टाकता तुम्ही आपणहून हाताची गोष्ट सांगितलीत. बोलिव्हियातलं उंचावरचं गाव. इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं पण कडधान्य शिजता शिजत नाही, म्हणून मुलींच्या वसतिगृहात मोठा कुकर. तुम्ही नव्या, पहिल्याच आठवड्यात रांधायची पाळी आली. इथल्या सवयीने कुकर चढवलात आणि शिट्टीची वाट बघत उभ्या राहिलात. तिकडचा कुकर शिट्टी देतच नाही. वरचं वजन हलत राहतं आणि वाफ सारखी फुसफुसत राहते. तिथल्या बायका वजन हलायला लागलं की आच कमी करून घड्याळ लावतात. तुम्हाला वाटलं, कुकर बिघडला. स्वयंपाकीण बाईंना विचारलंत, याची शिट्टी कुठाय? शब्द वापरलात सिल्बातो. ती भली बाई धावत गेली आणि खेळाच्या तासाची पत्र्याची शिट्टी घेऊन आली. "आणि वर मला म्हणते, सिस्टर, तुम्ही वाजवाल की मी वाजवू?" हे सांगताना तुम्ही इतक्या हसलात की चहा उतू गेला. पुढचं मात्र एका वाक्यात आटोपलंत. ती शिट्टी घेऊन येईपर्यंत तुम्ही झाकण फिरवलं होतं.

"अर्धी उसळ छपराला, अर्धी माझ्या हातावर," तुम्ही म्हणालात. "शब्दकोशात सगळं असतं रे. त्यांच्या ओट्यावर काय आहे, ते नसतं."

तर आज माझ्यासमोर तेच उलट्या बाजूने आलं होतं. हे कुकर आपले, शिट्टी देणारे. तिकडच्या बाईला हळूहळू फुसफुसणाऱ्या वाफेची सवय. तिच्या ओट्यावर हा एकदम किंचाळणार. ती घाबरून वजनाला हात घालणार नाही कशावरून? सिल्बातोच्या जागी सिल्बिदो लिहिलं, म्हणजे शिट्टीचा आवाज, तर शब्द बरोबर होत होता, पण हात भाजायचा तो भाजलाच असता. त्याआधी एक वाक्य हवं होतं. थोड्या थोड्या वेळाने वरचं वजन उचललं जाईल, मोठा आवाज करत वाफ सुटेल, घाबरू नका, हात लावू नका. आणि शिट्ट्यांशेजारी मिनिटं हवी होती.

कामांचं वाटप बघणारी मुलगी म्हणाली, "काका, मशीनने दिलंय ना ऑलरेडी. शब्द बदला आणि सोडा ना. वाक्य वाढवलं तर डिझाइनवाला माझी वाट लावेल." चांगली मुलगी आहे, तिची चूक नाही. एरवी मी सोडून दिलं असतं. मी वाद घालत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी क्वचितच कोणाला फोन करून नाही म्हटलं असेल. आज तिच्याकडून कुकर कंपनीच्या निर्यात खात्यातल्या माणसाचा नंबर घेतला.

तो उत्साही निघाला. "अहो साहेब, शिट्टी हीच तर आपली ओळख आहे! ती कशी काढणार?"

"काढत नाही. पण तिकडे शिट्ट्या मोजत नाहीत."

"मग काय मोजतात?"

"मिनिटं."

"म्हणजे आता कुकरबरोबर घड्याळ फ्री द्यायचं का आम्ही?" तो हसला. मीही थोडा हसलो. मग विचारलं, तुमच्या तीन शिट्ट्यांची मिनिटं किती होतात? तो म्हणाला, पाच मिनिटांत सांगतो. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. "साहेब, गंमत ऐका. इकडे कोणालाच माहीत नाही. कारखान्यात विचारलं, ते म्हणाले आम्ही प्रेशर मोजतो, शिट्टी नाही. शेवटी बायकोला फोन लावला. ती म्हणते, तीन शिट्ट्या म्हणजे तीन शिट्ट्या, किती मिनिटं काय, डाळ शिजेपर्यंत!"

तुम्ही असतात तर टेबलावर हात आपटून हसला असतात.

पण नंतर तो जरा गंभीर झाला. म्हणाला, "खरं सांगू का, पुस्तिका छपाईला चाललीय. कोणी एवढं वाचत नाही. तुम्ही स्वतः गेलाय का तिकडे?"

मी कुठेच गेलेलो नाही, टीचर. तुम्ही दोनदा म्हणाला होतात, जाऊन ये, मी पत्र देते, तिथल्या बायका तुला उपाशी ठेवणार नाहीत. आधी आईचं दुखणं होतं, नंतर ते राहूनच गेलं. मी म्हटलं, "नाही, गेलेलो नाही." तो "हं" म्हणाला. त्या "हं"मध्ये विषय संपल्यासारखा होता. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पण माझ्या घरच्या माणसाचा हात भाजला होता तिथे. शिट्टीची वाट बघत होत्या. कोपरापर्यंत."

त्याने हळू आवाजात विचारलं, "घरच्या म्हणजे कोण हो?"

"घरच्याच," मी म्हटलं.

"बरं. लिहा तुम्ही. आवाजाचं ते वाक्य ठळक टाकायला सांगतो. मिनिटं उद्या कारखान्यात मोजून घेतो, जागा सोडून ठेवा." फोन ठेवल्यावर ती मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काका, तुम्ही कधी बोलला नाहीत घरच्यांबद्दल." मी म्हटलं, वेळ आली नाही. मग सिल्बिदो हा एकच शब्द ठेवला, त्याच्या आधी ते वाक्य घातलं, पुन्हा एकदा वाचलं आणि फाइल पाठवली.

तुम्ही गेलात तेव्हा चर्चमधल्या तुमच्या मिसेला मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. बाहेर पडताना तुमच्या भाच्याने हात जोडून विचारलं होतं, आपण कोण? मी म्हटलं, विद्यार्थी. ते खरंच होतं. तरी चकाल्यापर्यंत चालत येताना तो शब्द मला सारखा बोचत होता, आणि का ते तेव्हा कळलं नव्हतं. तिरक्या रेघा मारण्याची माझी जुनी सवय तुम्ही मोडली होतीत, आणि तिथे एकच शब्द निवडायचा होता तर मी त्यातला सगळ्यात सुरक्षित निवडला. आज निवडायला वेळच मिळाला नाही. तुम्हाला न विचारता तुम्हाला घरचं म्हटलं. चाललं असतं ना? हे तुम्ही असताना विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं असं वाटत नाही.

आई गेली त्या वर्षी तुम्ही मला ते टायमर दिलं होतंत. तिकडून आणलेलं, पत्र्याचं, कांद्याएवढं, चावी पिळली की टिकटिकत शून्यावर येऊन वाजणारं. "आता तुझं तुलाच शिजवायचंय," एवढंच म्हणालात. मी ते फळीवर ठेवलं आणि रोज पुसलं, पण वापरलं कधी नाही. आपला कुकर शिट्टी देतो, त्याला टायमर कशाला.

आज घरी आल्यावर तूरडाळ धुतली, हळद आणि हिंग घातलं, कुकर लावला आणि टायमर पूर्ण पिळून त्याच्या शेजारी ठेवलं. तीन शिट्ट्यांना किती मिनिटं लागतात ते निदान आपल्यापुरतं बघावं म्हणून. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी झाल्यावर सवयीने गॅस बंद केला आणि काट्याकडे बघायचं विसरलो. टायमर चालूच होतं. ते वाजेपर्यंत मी ओट्यापाशी उभा राहिलो.